दशी बांधलेले तीन कोकर

"प्रमिले, तू आत असशील ना गं?"

सगुणाकाकूंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून मी गच्च धरून ठेवलं होतं आणि मागून सबनीस डॉक्टर त्यांच्या पाठीत भुलीचं इंजेक्शन देत होते.

"आत म्हणजे काय काकू, आतच आहे की! कुठं पळून चाललेय मी?"

"तसं न्हाई गं. पर शेवटपर्यंत हायेस ना?"

"शेवटपर्यंत. आता हलायचं नाही, अजिबात."

काकू हलल्या नाहीत. पन्नाशीच्या आसपासची बाई, रोज दीडशे भाकऱ्या थापणारी, पण त्या दिवशी माझ्या हातात तिचं मनगट नुसतं थरथरत होतं. मला गंमत वाटली. खरंच सांगते, गंमत वाटली. माझ्यासाठी ते रोजचं काम होतं.

काकूंची एस.टी. स्टँडच्या मागं खानावळ होती आणि मी त्यांच्याकडे दोन्ही वेळ जेवायची. नर्सिंगचं शिक्षण मी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेतलं, दोन वर्षं तिथंच नोकरी केली. मग वडिलांना अर्धांग झालं, तेव्हा घराच्या जवळ म्हणून नगर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी डॉक्टर मिरीकरांच्या पंचवीस खाटांच्या दवाखान्यात आले. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. येऊन तीन महिने झाले होते. आल्या दिवसापासून काकूंनी मला असं काही पोटाशी धरलं, की बाकीची गिऱ्हाईकं चेष्टा करायची, "प्रमिला सिस्टर आली, आता तुपाची वाटी बाहेर निघणार!"

एका दुपारी वाढता वाढता काकू मटकन खाली बसल्या. लुगडं मागून भिजलं होतं. दोन वर्षं असं रक्त जात होतं आणि या बाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी ओढत दवाखान्यात नेलं. पिशवीत गाठी होत्या, पिशवी काढावी लागणार होती. काकू तयारच होईनात. महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. रुसले, ओरडले, जेवायला येणार नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, "अहो, मी आहे ना आत! तुमच्या केसालासुद्धा धक्का लागू देणार नाही." त्यावर त्या तयार झाल्या. म्हणजे त्या टेबलावर त्यांना निजवलं ते मिरीकरांनी नाही, मी.

मिरीकरांविषयी सांगायलाच हवं. त्यांचा हात सोन्याचा, त्यात वाद नाही. पण तोंड! ऑपरेशन चालू असताना त्यांच्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हा तिथला कायदा. त्यांनी तळहात पुढे करायचा, हत्याराचं नाव घ्यायचं, आणि ते हत्यार चट् आवाज करून त्यांच्या हातात पडलं पाहिजे. उशीर झाला की चिमटा भिंतीवर. माझ्या आधीच्या नर्सनं एकदा मध्येच "सर, हे नको, ते घ्या" म्हटलं होतं. तिला त्याच संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवलं, असं मला आल्या आल्या तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. मी म्हटलं, आपण तोंड उघडायचंच नाही. घरी तीन तोंडं माझ्या पगाराकडं बघत होती.

तर ऑपरेशन सुरू झालं. भूल फक्त कंबरेखाली होती, काकू जाग्या होत्या. त्यांच्या छातीवर हिरवा पडदा आडवा धरलेला, पडद्याच्या पलीकडे डोक्याशी सबनीस डॉक्टर स्टुलावर बसलेले. ते शेजारच्या गावाहून भूल द्यायला यायचे, भले गृहस्थ. पडद्याच्या अलीकडे मिरीकर आणि समोर मी. छोट्या दवाखान्यात दुसरा डॉक्टर कुठला? हत्यारं देणारी मीच आणि हाताखाली धरणारीही मीच.

पोट उघडलं. मिरीकरांनी हात पुढे केला. "कोकर."

कोकर म्हणजे लांब चिमटा. कात्रीसारख्या दोन कड्यांत बोटं घालायची, आवळायचा. टोकाला उंदरासारखे दोन-तीन दात असतात, त्यामुळे पोटातलं जे जाड, चिवट, निसटणारं असतं ते हा पकडतो. आणि कड्यांच्या वर खाचा असतात. त्या एकीत एक अडकल्या की हात काढला तरी चिमटा बंदच राहतो. सगळा भरवसा त्या खाचांवर. मी एक कोकर दिला, तो पिशवीच्या डाव्या शिंगाला, म्हणजे वरच्या कोपऱ्याला, लागला. दुसरा दिला, तो उजव्या शिंगाला. दोन्हींना धरून पिशवी वर उचलायची.

"पोटात कुणी भांडी घासल्यावानी वाटतंय गं," पडद्याआडून काकू म्हणाल्या.

सबनीस हसले. मलाही मास्कच्या आत हसू आलं.

"पेशंटनं बोलायचं नाही!" मिरीकर गरजले. काकू चिडीचूप झाल्या.

पंचवीस-एक मिनिटं गेली असतील. बाजूचे बंध बांधून झाले, मूत्राशय खाली सारून झालं. आता खरं काम होतं. पिशवीला दोन्ही अंगांनी मोठ्या रक्तवाहिन्या येतात. त्या चिमट्यात धरायच्या, कापायच्या आणि मग बांधायच्या. मिरीकरांनी हात पुढे केला, मी तिसरा कोकर दिला, त्यांनी तो उजव्या रक्तवाहिनीवर लावला आणि बोटानं चाचपून बघू लागले.

तेवढ्यात दार हळूच उघडून भिंगारदिवे सिस्टर आत आल्या. सालोमी भिंगारदिवे, आमच्या थिएटरच्या मुख्य. भाच्याच्या लग्नाला दोन दिवस श्रीरामपूरला गेल्या होत्या, त्या सकाळच्या गाडीनं परतल्या होत्या. मास्क बांधून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "कपाटातले ते तीन कोकर कुठंयत गं? नगरचा दुरुस्तीवाला येऊन बसलाय बाहेर."

"कुठले तीन?" मी ओठ न हलवता विचारलं.

"लाल दशी बांधलेले. खाचा झिजल्यात त्यांच्या. पकड सुटते."

माझी नजर ट्रेवर गेली.

त्या दश्या मी कापल्या होत्या. आदल्या दिवशी. सिस्टर नाहीत तर आपण कपाट लख्ख करून ठेवू, आल्यावर बघतील पुण्याची मुलगी कशी काम करते ते, असा माझा थाट. पुण्यात बिघडलेलं हत्यार लगेच चिठ्ठी लावून वेगळ्या पेटीत जायचं, चांगल्या हत्यारांच्या कपाटात राहायचंच नाही. इथं पेटीबिटी कुठली! सिस्टरांची आपली पद्धत, गॉजची एक दशी काढायची, लाल औषधात बुडवायची आणि बिघडलेल्या चिमट्याच्या कडीला बांधायची. मला काय माहीत? मला दिसल्या त्या कडीत अडकलेल्या घाणेरड्या चिंध्या. मी मंजुळाबाईंना हाक मारली. मंजुळाबाई आमच्याकडची आया, हत्यारं धुवायच्या.

"हे काय हो? धुताना चिंध्या अडकतात ते दिसत नाही?"

"अवो, त्या दश्या सिस्टरनी..."

"मला शिकवू नका मंजुळाबाई. पुण्यात असलं चालत नाही."

मंजुळाबाई गप्प बसल्या. मी तिन्ही दश्या कापल्या, चिमटे घासले, खाचांना तेल दिलं, आठही कोकर एका रांगेत लावून ठेवले. किती सुंदर दिसत होते! आणि त्या सकाळी सगळे आठच्या आठ उकळून या ऑपरेशनला घेतले.

आता ट्रेमध्ये पाच होते. पोटात तीन.

बिघडलेला चिमटा ओळखायची रीत सगळ्या नर्सांना ठाऊक असते. पहिल्या खाचेवर बंद करायचा आणि कडीकडून तळहातावर आपटायचा. चांगला असेल तर बंद राहतो, खाच झिजली असेल तर उघडतो. मी टॉवेलाखाली हात घातला. पहिला आपटला, बंद. दुसरा आपटला, उघडला. तिसरा बंद. चौथा उघडला. पाचवा पहिल्यांदा खाचेत बसेचना. देवा, उघड. उघड रे बाबा. हा उघडला की तिन्ही बिघडलेले माझ्या ट्रेमध्ये आले आणि काकू सुटल्या.

पाचवा बंद राहिला.

"काय खडखड लावलीय?" मिरीकर मान न उचलता म्हणाले.

म्हणजे तिसरा बिघडलेला आत होता, पोटात. तिघांतला एक. शिंगांवरच्या दोघांतला असेल तर सुटला तरी पुन्हा लावता येईल, काही बिघडत नाही. पण रक्तवाहिनीवरचा असेल, आणि कापल्यावर सुटला, तर ती वाहिनी आखडून आत जाते. सगळं पोट रक्तानं भरतं, काही दिसत नाही, आंधळेपणानं चिमटे लावावे लागतात. तिथंच खेटून लघवीची नळी असते. रक्ताची एकच बाटली फ्रीजमध्ये होती, काकूंच्या भावानं दिलेली. दुसरी आणायची तर नगर, जाऊन-येऊन तीन तास. पुण्यात मी असं एकदा पाहिलं होतं. तिथं सहा डॉक्टर धावले होते, तरी ती बाई गेली.

मी मागं वळून सिस्टरांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या ट्रेवर होती. तिथं दोन कोकर तोंडं वासून पडले होते. तिथून त्यांची नजर कापलेल्या पोटाकडे गेली, मग माझ्याकडे आली. त्यांना कळलं. मास्कच्या वरचे त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. मी मनात म्हणत होते, सिस्टर, तुम्ही बोला. तुमची पंचवीस वर्षं झालीत, तुमचं ऐकतील. बोला ना!

सिस्टर बोलल्या नाहीत.

मिरीकरांनी हात पुढे केला. "कात्री."

कात्री माझ्या समोर होती. वीतभर अंतरावर. मी हात नेला आणि तो कात्रीवर न जाता शेजारी गेला. मी एक चांगला कोकर उचलला आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, न बोलता कळेल. लावतील अजून एक खालच्या बाजूला. मग एकावर दोन पकडी, मग काही भीती नाही.

त्यांनी हातात काय आलंय ते बघितलं. क्षणभर त्यांना कळेचना. मग त्यांनी तो कोकर असा भिरकावला की कोपऱ्यातल्या बादलीवर आदळून खणखण वाजत गेला.

"कात्री म्हणालो मी! कान कुठं ठेवलेत? झोप होत नाही का रात्री?"

पडद्याआड काकूंचा श्वास मोठ्यानं ऐकू आला. सबनीसांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मी तोंड उघडलं. अगदी खरं सांगते, उघडलं. "स" एवढा आवाज आला असेल. सर, एक मिनिट थांबा, तो चिमटा खराब असू शकतो. एवढंच बोलायचं होतं. मग ते विचारणार, कसा काय आला? मग मला सांगावं लागणार. मग संध्याकाळची गाडी. आणि हे सगळं काकूंना ऐकू जाणार. तिघांतला एक, प्रमिला, मी स्वतःला समजावलं. कदाचित नसेलच तो.

मिरीकरांनी माझी वाट बघितली नाही. माझ्या समोरून स्वतःच कात्री उचलली आणि कापलं.

मी डोळे मिटले. नर्सनं ऑपरेशनच्या टेबलाशी डोळे मिटले!

"कोकर धर. मी सांगेन तेव्हा सोड," मिरीकर म्हणाले आणि दोरा घेऊन बांधायला वाकले.

मी डोळे उघडले. रक्त नव्हतं. चिमटा होता तिथं होता. मी कड्यांत बोटं घातली आणि आवळली. बोटांची पेरं दुखायला लागली तरी आवळत राहिले. त्या खाचांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून माझ्या हातांनी तो बंद ठेवत होते. ते टाका घालत होते, दोरा ओढत होते, गाठ मारत होते. किती वेळ लागला? एक मिनिट लागलं असेल. मी तेवढ्यात अख्खी येशूची प्रार्थना म्हटली, जी सिस्टरांकडून रोज ऐकायची, आणि आमच्या गावच्या खंडोबालाही साकडं घातलं.

"सोड."

माझी बोटं सुटेनात.

"सोड म्हणतोय ना! काय झालंय काय आज हिला?"

मी सोडला. गाठ कोरडी होती. तो कोकर मी ट्रेच्या कोपऱ्यात गॉजखाली वेगळा ठेवला. डाव्या बाजूला त्यांनी पुन्हा कोकर मागितला, तेव्हा आपटून बघितलेलाच त्यांच्या हातात दिला. पुढचा तासभर काय झालं ते मला आठवत नाही. पिशवी निघाली, पोट शिवलं, काकूंना वॉर्डात नेलं. जाताना त्यांनी माझा हात शोधला, पण माझ्या हातात अजून रक्ताळलेले हातमोजे होते.

धुवायच्या खोलीत मी आणि सिस्टर दोघीच उरलो. सिस्टरांनी दाराला कडी घातली. मी गॉजखालचा कोकर काढला, पहिल्या खाचेवर बंद केला आणि तळहातावर आपटला.

खट् करून उघडला.

पुन्हा बंद केला, पुन्हा आपटला. पुन्हा उघडला. तोच होता. तिघांतला एक, आणि तोच.

सिस्टर स्टुलावर बसल्या. "देवबापाची कृपा," त्या म्हणाल्या. "सरांनी शेवटच्या खाचेपर्यंत दाबला असणार. म्हणून टिकला."

"सिस्टर, तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग तुम्ही तरी बोलायचं ना हो!" मी जवळजवळ ओरडलेच. मीच दश्या कापणार, मीच गप्प बसणार आणि वर त्यांच्यावरच ओरडणार. पण त्या चिडल्या नाहीत.

"मी विचार केला, तू बोलशील. कात्री तुझ्यासमोर होती," त्या म्हणाल्या. मग नळ सोडून हात धुवायला लागल्या. "खोटं कशाला बोलू? मला एकदा त्यांनी सगळ्यांच्या देखत मूर्ख बाई म्हटलं होतं. अकरा वर्षं झाली त्याला. आज तोंड उघडायला गेले आणि तेच कानात वाजलं. बस, एवढंच."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, गॉजच्या तीन दश्या काढल्या, लाल औषधात बुडवल्या, तिन्ही कोकरांना बांधल्या आणि ते बाहेर दुरुस्तीवाल्याकडं नेऊन दिले.

"सरांना सांगायचं?" त्या परत आल्यावर मी विचारलं.

"बाई बरी आहे ना? मग कशाला?"

मला तेच ऐकायचं होतं. मी लगेच मान हलवली.

पण पुढचे आठ दिवस, बाई गं! काकू वॉर्डात पडल्या पडल्या येईल त्याला सांगायच्या, "माझी प्रमिला आत हुती म्हणून मी आज दिसतीय तुम्हांला." त्यांच्या भावानं माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकले तर म्हणतो कसा, "तुम्ही देवमाणूस आहात." खानावळीत काकूंची वहिनी रांधत होती, तिनं मला तुपाची वाटी भरून दिली, आणि ती मला गिळता आली नाही. झोपले की तो खट् आवाज यायचा. घडलं काहीच नव्हतं, तरी मला चोवीस तास भीती वाटायची. काकू मेल्या असत्या तर काय, याची नाही. माझीच भीती वाटायला लागली होती. एवढी मायेची बाई मरणार असं दिसत असताना ही प्रमिला गप्प बसू शकते, हे मला कळलं होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

आठव्या दिवशी मी काकूंचे टाके काढायला बसले. वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. चार टाके काढले आणि पाचव्याला माझा हात थांबला.

"काकू, मला तुम्हांला एक सांगायचंय. ऑपरेशनच्या वेळचं."

"कात्रीचं ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"त्यानी कात्री मागितली. तू दिली न्हाईस," काकू वर छताकडं बघत सांगत होत्या. "दुसरंच कायतरी दिलंस, ते त्यानी फेकलं. मी काय भैरी हाय का? पडदा डोळ्याफुडं हुता, कानाफुडं न्हवता. म्हटलं, माझी प्रमिला कात्री देत न्हाई म्हंजी कायतरी चुकतंय. पोरगी उगा असं करायची न्हाई."

"हो काकू. चुकत होतं." आणि मी सगळं सांगितलं. दश्या, तीन चिमटे, झिजलेल्या खाचा, सगळं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या पोटावरच्या पट्टीवर पडलं. मला वाटलं, आता त्या माझा हात झिडकारतील. मला तसंच हवं होतं.

काकूंनी झिडकारला नाही. मग म्हणाल्या, "मला लई वाटलं गं, म्हणावं, अवो डाक्टर, जरा थांबा. पोरगी काय म्हणतीय ते तर ऐका. तोंडावर आलं हुतं माझ्या."

"मग?"

"मग काय. म्हटलं, मधी बोललं तर डाक्टर खवळंल." त्या पांघरुणाची कड चिमटीत धरून पिळत होत्या. "माझंच पोट उघडं पडलेलं, माझाच जीव. आन मीच गप पडले."

मी उरलेले टाके काढले. हात धुतले. आणि थेट मिरीकरांच्या खोलीकडं निघाले. जाताना विचार केला असता तर गेले नसते, म्हणून केला नाही. बाहेर पेशंटांची रांग होती, तिच्यातून घुसून आत गेले.

"काय आहे?" मिरीकर खेकसले.

टेबलाची कड धरून मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांतच ते उभे राहिले. दहा मिनिटं ओरडत होते. बाहेरची रांगसुद्धा गप्प झाली, एक तान्हं मूल तेवढं रडत होतं. मूर्ख, बेजबाबदार, खुनी, सगळं ऐकलं. उद्यापासून तोंड दाखवू नकोस, हेही ऐकलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. शेवटी दम लागून ते खाली बसले.

"त्याच वेळी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते, त्यांना कळत नव्हतं.

"तुमची भीती वाटली, सर."

"माझी? तिथं बाई मरायला टेकली असती आणि तुला भीती माझी?"

"हो. भिंगारदिवे सिस्टरांना पण कळलं होतं. त्याही घाबरल्या." मी थांबले नाही. "आणि सगुणाकाकूंना पण. त्यांनी सगळं ऐकलं होतं, सर. काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं होतं. तुम्हांला थांबा म्हणणार होत्या. पण तुम्ही चिडाल म्हणून त्या बोलल्या नाहीत."

मिरीकरांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"पेशंटसुद्धा?" ते म्हणाले.

"हो सर."

"जा," ते म्हणाले. एवढंच.

मी खोलीवर जाऊन ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सिस्टरांनी मंजुळाबाईंना माझ्याकडं पाठवलं. हर्नियाचं ऑपरेशन होतं, सरांनी विचारलं होतं की प्रमिला अजून का आली नाही.

मी तिथं पुढं चौदा वर्षं काम केलं. मिरीकर सुधारले असं सांगितलं तर मलाच हसू येईल. ते शेवटपर्यंत ओरडायचे आणि मी शेवटपर्यंत त्यांना घाबरायचे. पण त्या हर्नियापासून एक गोष्ट बदलली. कापायची वेळ आली की ते हात पुढे करण्याआधी मान वर करायचे आणि माझ्याकडे बघायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मी मान हलवली की मगच म्हणायचे, "कात्री."